चुलतभाऊ पुढं, मी मागं

आमच्या खानदानात दोन पोरं येकाच साली जल्मली. येक माझा चुलतभाऊ, दुसरा मी. त्यो पोलीस भरतीसाठी पळायचा, मी इंदापुरात अब्बांच्या मटणाच्या दुकानात उभा. त्याचं पोट आत, माझं मटण तोडायच्या ओंडक्याला टेकलेलं. अब्बा आधी त्याच्याकडं बघायचे, मग माझ्याकडं, आन् काय बोलायचे न्हाईत. बोलले असते तर परवडलं असतं.

मग येका डॉक्टरीणबाईंनी गल्लीतल्या जवान पोरांना पावलं मोजायची घड्याळं वाटली. रोज सांजंला मोबाईलवर यायचं, कोण पुढं, कोण मागं. मला वाचता येत न्हाय, बहीण वाचायची. पण फोटू कळतो की. वर त्याचा, तळाला माझा. फोटूतबी त्याचे दात दिसायचे. त्ये बघून मला जेवण जायचं न्हाय, म्हंजी चारच भाकरी जायच्या.

नमाजात मागायचो, त्याचा पाय मुरगळू दे. लई न्हाय, आठवडाभर.

पाय काय मुरगळला न्हाय, पण येका रविवारी बहीण म्हणली, "भाई, तू वर हायस."

तिला तीनदा वाचाय लावलं. दुकानातनं घर, घरातनं दुकान, मधी चहा, येवढंच तर चाललो हुतो. वाटलं, वजनदार माणसाचं पाऊल घड्याळाला जादा लागत आसंल. पुढं कळस गावच्या लग्नाची आर्डर आली, सगळा खिमा हातानं. ते दिवस मीच वर. मी चहाच्या टपरीवर चुलतभावाला शिकवाय लागलो, टाच आधी टेकवायची म्हणून.

त्यानं ऐकून घेतलं आन् म्हणला, "उद्या तुज्यासंग येतो. कुठनं जातोस ते दाव."

सकाळी कळसच्या रस्त्याला निघालो. उसाची ट्रॉली उभी हुती, तिथंच मी खाली बसलो. त्यो माझ्यापुढं जाग्यावरच उड्या मारत थांबला. घरी येऊन मी आडवा. त्या दिशी खिमा अब्बांनीच केला. सांजंला बघतो तर मी तळाला. जल्मात पहिल्यांदा खरा चाललो, आन् तळाला!

दुसऱ्या दिशी दुकानात सत्तूर चालवत मी घड्याळाला शिव्या घालत हुतो. चुलतभाऊ समोर उभा. त्यानं माझं मनगट धरलं, घड्याळ बघितलं, म्हणला, "आता मार." मी मारलं. पावलांचा आकडा पळाला.

"चाचा, ह्यो ओंडक्यावरच कळसला जाऊन येतोय," त्यो म्हणला.

अब्बा पोट धरून हसले. हसायला कारण मी, पण बघत हुते त्याच्याकडं. त्ये हसूबी त्यालाच गेलं.

तवापासनं खिम्याला घड्याळ काढून ठिवतो आन् सकाळी त्याच्या मागनं जातो. नजर त्याच्या बुटाच्या टाचंवर. ती टाच येकदा माझ्या मागं पडली पायजे, बास. ह्या जळण्यात पोट ओंडक्यापासनं जरा सुटलं.

मागल्या आठवड्यात दुवा उशिरानं लागली. त्याचा पाय मुरगळला. मी खुशीत येकटाच निघालो. वळणापर्यंत गेलो, पुढं टाचच न्हाय. पाय उचलंना. माघारी फिरून त्याच्या घरी गेलो. गडी उशीवर पाय ठिवून बिस्कुटं खात हुता.

म्हणलं, "कधी बरा व्हणार तू?"

त्याचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, मी काळजीनं इचारतोय.

वाटू दे.