सांडशी आणि शेवटच्या दोन ओळी

तर पहार काचेवर बसली, इथवर काल आलो होतो. एवढी मोठी काच लगेच फुटत नाही बरं का. आधी कण्हते, मग धाडकन अंगावर येते. इथं तर चारी बाजूंनी आली.

काचघर कंपनीचं. आत मका, पण खायचा नव्हे. प्रयोगशाळेत बियाण्यातच दुसऱ्या जिवाचा गुण घातलेला, म्हणून त्याच्या पानांतून औषध निघायचं. नियम एकच: तुरा फुलू द्यायचा नाही. तुऱ्यातली पिवळी भुकटी वाऱ्यानं शेजारच्या खाण्याच्या मक्यावर पडली, की तो मका बाटला. मग त्याला कुत्रं विचारत नाही. रोज सकाळी तुरे उपटून पाण्याच्या पिंपात बुडवायचे, हे काम आपल्या सांडशीचं.

हे नाव तिला उगाच पडलं नव्हतं. नवऱ्यानं लग्नानंतर एकदाच हात उगारला. तिनं मनगट असं पकडलं, की पुढं बरेच दिवस बिचारा डाव्या हातानं जेवत होता. कुणी विचारलं तर म्हणायचा, पायरीवरून पडलो. पण तो वारला तेव्हा हीच पायरी हमसून हमसून रडली, हेही खरं.

त्या सकाळी काचघर फोडायला आलेल्या जमावाच्या पुढं होता तिचा धाकटा दीर. रस्त्यापलीकडं त्याचाच मका, कणसांना नुकते केस फुटलेले. कंपनीपायी आपलं पीक बाटणार, या धास्तीनं त्याची झोप उडाली होती. शेवटी डोकं फिरलं आणि हातात पहार आली.

"वहिनी, बाजूला व्हा."

"पहार खाली ठेवा, भावजी. माझ्या दोन ओळी राहिल्यात अजून."

"आज सगळंच मुळासकट संपवतो."

"आधी घरचं गवत संपवा. कमरेएवढं झालंय."

मागून कुणीतरी हसलं, आणि तिथंच बिनसलं. जमावातले दोघं दारात घुसले. पहिल्याचं नाक तिनं कपाळानं फोडलं. दुसऱ्याचा अंगठा धरून असा पिरगळला, की तो गडी गुडघ्यावर बसून आईला हाका मारू लागला. तेवढ्यात काचा कोसळल्या, पाण्याची नळी फाटली, आणि सांडशीच्या मानेला वारा लागला.

काचघरात कधी वारा नसतो. तिनं वळून पाहिलं. शेवटच्या दोन ओळींचे तुरे उन्हानं उमलले होते, आणि वारा निघाला होता थेट रस्त्यापलीकडं.

ती दार सोडून आत धावली.

"पळाली रे!" लोक ओरडले आणि मागं धावले. पण ती तुरे उपटत होती. उपटायचा, पिंपात कोंबायचा, पुढचा. पाठीत काठी बसली. पुढचा. काचेचा तुकडा कपाळात घुसला, रक्त डोळ्यांत उतरलं. दिसेना, तशी ती चाचपत उपटू लागली. दिरानं झाडावर पहार घातली. झाडावर तिचा हात होता. बोटांची हाडं कडाकडा मोडली. तिनं डावा हात लावला. तोही कुणीतरी पायाखाली चिरडला. शेवटचा तुरा तिनं दातांनी तोडला, पिंपात थुंकला आणि पिंपालाच मिठी मारून खाली बसली.

दिरानं पिंपात डोकावलं. लाल पाण्यात तुरे तरंगत होते. मग त्यानं वाऱ्याकडं पाहिलं, आपल्या शेताकडं पाहिलं, आणि पहार त्याच्या हातातून गळाली. वहिनीला खांद्यावर टाकून तो दवाखान्यापर्यंत रडत धावला.

दोन्ही हात प्लास्टरमध्ये, तोंड भोपळ्याएवढं सुजलेलं. उशाशी बसून दीर म्हणाला, "मी तुमची बोटं मोडली, वहिनी, आणि तुम्ही माझंच पीक वाचवत होता. कशासाठी?"

सांडशीनं एक डोळा उघडला.

"गळा काढू नका, भावजी. पीक बाटलं असतं, तर जाऊबाईंनी जन्मभर माझ्या दारात शंख केला असता. त्यांचा आवाज तुम्ही ऐकलाय ना? मला पहार परवडली."