गाडी सावलीत घ्या

आमचे सासरे आबा चारचौघांत कुणाची चूक दाखवत नसत. पंगतीत कुणाचा ताकाचा पेला लवंडला तर म्हणत, "भुईच वाकडी हाय हितली," आणि स्वतः उठून पुसून घेत. या सवयीचा सर्वांत मोठा फायदा मी उपटला.

भोर संस्थान विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी भोरला हिरड्याच्या वखारीत कारकून होतो. पगार सांगण्याजोगा नव्हता, म्हणून मध्यस्थानं वेल्ह्याकडच्या आबांच्या घरी "मुलगा मोटार चालवतो" एवढंच सांगितलं होतं. वखारीच्या मालकांनी मुंबईहून एक जुनी अमेरिकन गाडी आणली होती. तिला क्लच नव्हता, म्हणूनच ती मला चालवता यायची. मुलगी बघायला मी ती मागून नेली आणि सगळ्यांना दिसावी म्हणून घरासमोरच्या चढावर, तोंड वर करून उभी केली. स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा 'पी'वर, म्हणजे गाडी उभी ठेवायच्या खुणेवर, टाकला नि ऐटीत उतरलो. गाडीला हँडब्रेकही असतो, हे त्या ऐटीत विसरलो.

पोहे झाले, मुलगी पसंत पडली. निघताना दांडा हलेना. उतारामुळे गाडीचं सगळं ओझं चाकं अडवणाऱ्या आतल्या आकड्यावर आलं होतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा मी नुसता ओढत होतो आणि कुणी पाहिलंच तर काच पुसल्याचं सोंग करत होतो. ओसरीवरून मुलीचे चुलते म्हणाले, "मोटार येती म्हनं ह्यास्नी." माझ्यापाशी दुसरा गुणच नव्हता. लग्न तिथंच मोडणार, हे मला दिसत होतं.

आबा खिडकीशी आले. वाकून त्यांनी दांड्याकडे एकदा पाहिलं, पण बोलले ते सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पावनं, आजून एक डाव च्या ठिवलाय. तवर गाडी कशाला उनात? थोडी वर, सावलीत घिऊ. तुमी दांडा धरून बसा, आमी रेटतो."

चुलत्यांसकट सगळ्यांनी खांदे लावले. गाडी वीतभर वर सरकली आणि दांडा अलगद सुटला. मी ब्रेकवर पाय रोवला, कपाळ पुसलं आणि "राहू द्या, आता निघतोच" म्हणून मागे न बघता भोर गाठलं.

लग्न झालं. पुढे ही गोष्ट मी माझ्या कौशल्याची म्हणून सांगत असे आणि आबा मान डोलवत. "व्हय, जावायबापूंचा हात लई हलका." एका सुगीत भाताच्या पेंढ्यानं भरलेल्या बैलगाडीची खीळ अडकली. आबांनी आधी जू खांद्यावर उचलून खिळीवरचं ओझं काढलं, मग खीळ दोन बोटांनी काढली. मला ती वर रेटलेली गाडी आठवली. ती गोष्ट सांगणं त्या दिवसापासून सोडलं.

शेवटच्या आजारात ते आमच्याकडे होते. एकदा न राहवून विचारलं, "आबा, तेव्हा दांडा अडकलाय हे तुम्हाला कळलं होतं ना?"

"कुठं अडकला व्हता?" डोळे मिटूनच ते म्हणाले. "गाडी सावलीत घेतली आपुन."

तेराव्याला गावी गेलो. घरासमोरच्या चढावर उभं राहून इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती सावली शोधली आणि बायकोला विचारलं, "इथलं झाड कधी तोडलं?"

"कुठलं झाड?" ती म्हणाली. "इथं झाड कधीच नव्हतं."

चुलते शेजारीच उभे होते. "आबांनी सांगितलं, आमी रेटली," एवढंच ते म्हणाले, आणि मला तिथंच रडू फुटलं.