पेण ते रोहा, खरखरीसकट

पेणहून रोह्याला निघताना माझ्या गाडीत चार माणसं, वालाच्या शेंगांची पिशवी, पोह्याच्या पापडांचा डबा आणि एक रेडिओ होता. रेडिओ सोडला तर बाकी सगळं ठीक होतं.

मागच्या सीटवर आई आणि नाना, म्हणजे माझे वडील. दोघांनी जन्मभर धरमतरच्या खाडीकाठी, खारं पाणी अडवणाऱ्या खारबांधाच्या आत भात पिकवलं. पुढे माझ्याशेजारी हमरापूरचा गजाभाऊ, गणपती रंगवणारा. रोह्यात एका देवळाचं रंगकाम बघायला तो आमच्याबरोबर निघाला होता. खाऱ्या हवेनं गंजलेला माझ्या गाडीचा मडगार्ड गेल्याच आठवड्यात त्यानं रंगवून दिला होता. रंग इतका झकास, की बाकीची गाडी त्याच्यापुढे ओशाळलेली दिसे.

महिन्यापूर्वी रेडिओची माणसं गावात येऊन नानांशी खारबांधाविषयी बोलून गेली होती. ते बोलणं आज साडेबाराला शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात लागणार होतं, आणि एकदाच. नानांचं म्हणणं, शेजारी रेडिओ आहे, तिथं ऐकू आणि मग निघू. पण रोह्याला बहिणीकडे जेवायला पोचायचं होतं, आणि मी पडलो पुण्याचा शहाणा. म्हटलं, "नाना, गाडीत रेडिओ आहे. वारा खात ऐका." नानांनी माझं ऐकलं. ते सहसा माझं ऐकत नाहीत.

पेण सुटल्यावर रेडिओ लावला. खर्रर्र.

"कोन काय तळतंय?" आईनं मागून विचारलं.

"रेडिओ आहे तो, आई."

"मग बंद कर. ह्यांचं बोलनं घरात ऐकतो तेवढं पुरे नाय?"

"तू ऐकायचं हां," नाना म्हणाले. "झोपू नको." सकाळपासून हे त्यांनी पाचव्यांदा सांगितलं होतं. आपण काय बोललो ते मात्र कोणी विचारलं तरी सांगत नव्हते.

गडब गावाला चहाच्या टपरीपाशी गाडी थांबवली तेव्हा बारा वाजून गेले होते. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची खुंटं आणि त्यात हिरवागार वाल. मी गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका काढली. तिच्यात लिहिलं होतं, आधी इंजिन बंद करा. खरखर थांबली तर दोष इंजिनात. बंद केलं. खरखर आणखी स्वच्छ ऐकू येऊ लागली. मग लिहिलं होतं, दुसरं स्टेशन लावून बघा. तिथंही तेच. पुढे, एरियलला हात लावून बघा. लावला. आतून कोणीतरी "कांद्याचे" असं म्हणालं आणि बुडालं.

"म्हंजे दोष एरियलमधी," टपरीवाला म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं, पण त्याचं बरोबर होतं.

मी पुढची ओळ मोठ्यानं वाचली : एरियलचं बूड कोऱ्या पत्र्यावर घट्ट बसलेलं असावं, मध्ये गंज किंवा रंग नसावा.

"कोरा?" गजाभाऊला लागलं ते. "दादा, माझ्या हातचं काम हाय. एरियल उचलून त्याच्या बुडाखाली पन तीन हात दिलेत. मूर्तीची पाठ कोन बघत नाय, म्हणून काय आमी ती कोरी सोडतो?"

मी कपाळावर हात मारला. एरियल त्याच मडगार्डवर होतं, आणि रंगानं त्याचा पत्र्याशी संबंधच तोडला होता. तसं त्याला सांगितलं. त्यानं मडगार्डकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दुसरा उपाय नाय?"

"नाही."

टपरीवाल्याचा पाना घेऊन त्यानं एरियल सोडवलं आणि पिशवीतून चाकू काढला. मी हात पुढे केला तर म्हणाला, "मी चढवला, मीच उतरवनार." रुपयाएवढा तो गोल, पण रंगाची कड फाटू नये म्हणून गडी असा जपून खरवडत होता, की साडेबारा वाजले तरी पत्रा दिसेना.

"अहो गजाभाऊ, आखणी (मूर्तीचे डोळे रेखणं) नाही करायची, खरवडायचंय!" मी ओरडलोच.

नाना गाडीबाहेर उभं राहून टोपी काढत होते, पुन्हा घालत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कसली ही माझी हौस!

शेवटी पत्रा चमकला, गजाभाऊनं बूड आवळलं आणि गाडीत नानांचा आवाज आला. स्वच्छ.

"...उधाणाला बांधाला खांड (भगदाड) पडली. गडीमानसं बाजाराला गेलेली. मी एकटा काय करतोय? ती पान्यात उतरली. खांडीला पाठ लावून उभी ऱ्हायली, मी मागून चिखल टाकला. ओहोटी लागेपर्यंत हलली नाय. शेत ऱ्हायलं ते तिच्यामुळं."

"ती म्हणजे कोण?" मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं.

"घरची."

"नाव काय त्यांचं?"

रेडिओतले नाना आधी खाकरले. मग नाना म्हणाले, "हिराबाई."

आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, आणि नानांनीही तिचं कधी घेतलं नव्हतं. "अगो" आणि "ऐकलंस का" यांवर पन्नासेक वर्षांचा संसार झाला होता. मी ते नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो. आई समोर बघत बसली होती. नाना बाहेर वालाची पाहणी करत होते. कार्यक्रम संपून खतांची माहिती लागली, मी बंद करायला गेलो तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

खतांची सगळी माहिती ऐकून आम्ही नागोठण्यावरून रोह्याला पोचलो. जेवण झालं, गजाभाऊ देवळात राहिला. आम्ही तिघं परत निघालो. इतकी वर्षं त्यांच्या घरात राहून मला जे कळलं नव्हतं, ते रस्त्यात कळलं याची मला लाज वाटत होती, आणि आनंदही फार होत होता.

दिवेलागणीला घराशी गाडी थांबली. नाना उतरून दाराशी गेले. किल्ली आईकडे होती.

"अगो, चल."

आई जागची हलली नाही.

"अगो, ऐकलंस का?"

"ऐकलं दुपारी," आई म्हणाली. "तसं बोलवा."

नानांनी रस्त्याकडे पाहिलं, शेजारच्या ओटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी गाडीचा आरसा पुसायला घेतला.

"हिराबाई," नाना म्हणाले.

"आले हो," म्हणत आई उतरली.