पुढचे दोन पाटे

माझ्या पिकअपने माझ्याच बायकोचे सात गणपती मोडले. ती पेणजवळच्या हमरापूरची, लहानपणापासून मूर्तिकाम करणारी. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी करते आणि मूर्तीत कुठे खोट दिसली तर तिला डोळे देतच नाही. रोह्यापलीकडच्या गावात मूर्ती पोचवल्या आणि आम्ही पेंढा उपसला, तर कुणाची सोंड गेलेली, कुणाचा हात. बारीक टवके तिने सोबतच्या डब्यातल्या रंगाने झाकले, पण भंगलेली मूर्ती पूजेला कोण घेणार? घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "पुढल्या वर्षी माझे गणपती तुमच्या गाडीत चढायचे नायत."

मला ते फार लागलं. आधी मी रस्त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. मग गाडीखाली शिरलो आणि तोंड बंद झालं.

पेणमध्ये नवी गाडी घेतली की पहिली मेस्त्रीकडे नेऊन स्प्रिंगचे पाटे वाढवायचे, ही आमची रीत. विटा, मीठ, भाताची पोती, काय काय भरायचं असतं! मीही पुढच्या दोन्ही चाकांवर हौसेने दोन-दोन पाटे वाढवले होते आणि गावभर मिरवलंही होतं. पण गणपती आतून पोकळ. तेवढ्या वजनाला ते लोखंड वाकणार कसं? प्रत्येक खड्डा थेट सोंडेपर्यंत पोचत होता. चूक माझ्या हौसेची होती.

"पाटे काढाया आलेला तू पयलाच," मेस्त्री म्हणाला. "येडा हायस काय?"

"व्हय, हाय. काढा."

दोन्ही चाकांवरचे वाढवलेले दोन-दोन काढले, मूळचाही एक-एक काढला. उरलेल्यांत ग्रीस भरलं आणि चाक खड्ड्यात खोल उतरावं म्हणून लांब शॉकअप बसवले. पहिल्याच चरात चाक इतकं खाली गेलं की ब्रेकचा पाइप तुटायला आला. मेस्त्री पोट धरून हसला. मी चिडलो, पण पाइपही लांब घातले.

मग मातीच्या दहा सोंडा स्वतः वळल्या, सुकवल्या, पेंढ्यात ठेवल्या आणि कासूजवळच्या कच्च्या वाटेने गाडी हाणली. दहाच्या दहा शाबूत! त्या मी तिच्यापुढे मांडल्या.

"ह्या सोंडा हायत का भेंड्या?" ती म्हणाली. तरी एकेक उचलून नखाने तडा शोधत राहिली. शेवटी म्हणाली, "एक खेप. नि मी संगती येणार."

पुढच्या वर्षी मूर्ती भरल्यावर ती रंगाचा डबा मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसली. प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटायची. कासू गेलं, तसे तिने डोळे मिटणं सोडलं. रोह्यापलीकडच्या त्याच गावात पेंढा उपसला. एकाही मूर्तीचा टवका उडाला नव्हता. मी एवढ्या जोरात ओरडलो की माणसं बाहेर आली.

 ती डबा घेऊन खाली उतरली. दुरुस्तीला काहीच उरलं नव्हतं, तरी तिने बारीक कुंचला काढला. मग गाडीच्या तोंडाशी उकिडवी बसली आणि दोन दिव्यांच्या वर सावकाश, हात जराही थरथरू न देता, दोन डोळे आखले.