बटण सोडा

“मॅडम, हा मुका आहे का?” परीक्षा घेणाऱ्या कमांडरसाहेबांनी मला विचारलं. समोर माझा विद्यार्थी, नौसैनिक मरगळे, ताठ उभा.

नौदलाच्या प्रशिक्षण संस्थेत मी वीस वर्षं रशियन शिकवते. लेखी पेपरात मरगळे पहिला, तोंडीत मात्र दोनदा नापास. प्रश्न विचारला की गडी गप्प. मग मीच धीर द्यायला पहिला शब्द सुचवायची, मग दुसरा, शेवटी उत्तर पूर्ण करून टाकायची. तिसऱ्यांदा असंच झालं तर कोर्समधून त्याचं नाव कटणार होतं आणि परदेशी ट्रेनिंगही जाणार होतं.

तो वेल्ह्यावरच्या धनगरवाड्याचा, मी शेजारच्याच तालुक्यातली, वरवे बुद्रुकची. सुट्टीत म्हटलं, त्याच्या घरी जाऊन त्याची तयारी करून घ्यावी. एसटीनं वेल्हे गाठलं. पुढं त्यानं मला तासभर डोंगर चढवला. माझा पार भुगा झाला.

वर पोचताच त्यानं समोरच्या डोंगरावर मेंढरं चारणाऱ्या वडिलांना हाक दिली. “आबाऽऽ! मॅडम आल्यातीऽऽ! जेवायला येताय काऽऽ?”

हाक कड्यावर आपटून परत आली.

“ऐकू नाही गेलं. परत मार,” मी म्हणाले. “वारा उलटा आहे का? की त्यांना कमी ऐकू येतं?”

“आलं की उत्तर, मॅडम. तुमी बोलत व्हता.”

आबा आले. पाणी कुठून आणता, बिबट्या येतो का, हा घरी तरी बोलतो का, मी एका दमात विचारलं. ते थांबले. माझं संपलंय याची खात्री केली.

“पानी झऱ्याचं. बिबट्या येतो. पोरगं बोलतं.” मग म्हणाले, “बाई, हाक दिली की आदी डोंगर बोलतो. त्याचं झालं की मानसानं बोलावं. मदीच तोंड घातलं तर काय बी कळत न्हाई.”

परतल्यावर मी साहेबांना म्हणाले, “सर, तोंडी परीक्षा वायरलेसवर घेऊ या. जहाजावर त्याच्यावरच तर बोलायचंय.” वायरलेसचं साधं असतं. बोलताना बटण दाबायचं, ऐकताना सोडायचं. आपण दाबून धरलं तर पलीकडचं काही ऐकू येत नाही.

“शेवटची संधी,” साहेब म्हणाले.

मरगळे शेजारच्या खोलीत, सेट माझ्या हातात. मी प्रश्न विचारला: इंजिन बंद पडलंय, कोणती मदत हवी?

शांतता. “मरगळे, घाबरू नकोस. पहिला शब्द आठव, आपण तो धडा...”

तरीही शांतता. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, माझ्या हाताकडे पाहिलं.

“मॅडम, बटण सोडा.”

माझा अंगठा बटणावर रुतून पांढरा पडला होता. मी बटण सोडलं. दोन-तीन सेकंद गेले. मग सेटमधून सावकाश, अख्खं, बिनचूक उत्तर आलं. पुढची सगळीही तशीच आली.

मरगळे पास झाला, परदेशी गेला. आधी दोनदा तो माझ्यामुळे आपटला, याची मला अजून लाज वाटते. आता वर्गात प्रश्न विचारला की मी मनात दहापर्यंत मोजते. पाचला जीव जातो. सात-आठला बहुतेक कुणीतरी बोलतं.