तिसऱ्या मजल्यावरचं दूध

दिवस अक्षय्य तृतीयेचा, वेळ सकाळी सव्वादहा. रक्कम : दोन लिटर म्हशीच्या दुधाचे एकशे साठ रुपये. हजर : मी, माझी पत्नी सुनीता आणि या कामासाठी देवळ्याहून मुद्दाम आलेल्या सासूबाई. ठिकाण : आमचं नवं घर.

यातली शेवटची नोंद चुकीची होती. बाकी सगळं बरोबर आहे.

घर नवं म्हणजे इतकं नवं, की त्याला अजून भिंतीसुद्धा नव्हत्या. पालिकेच्या परवडणाऱ्या घरांच्या सोडतीत आमचं नाव निघालं, तेव्हा मी कारखान्याच्या हिशेब विभागात पेढे वाटले होते. (मोजून. पण वाटले!) सातपूरला भाड्याच्या दोन खोल्यांत आमची पंधरा वर्षं गेली. दर अकरा महिन्यांनी घरमालक चहाला बोलवायचा आणि बिस्किटाबरोबर नवं भाडं पुढे करायचा. हे सगळं संपणार म्हणून सुनीताच्या पाटल्या मोडून आम्ही पहिला हप्ता भरला.

आणि मग बातमी आली : पालिकेच्या तिजोरीत खडखडाट! चारपैकी तीन इमारती पूर्ण होणार, चौथीचा फेरविचार. आमचं घर अर्थातच चौथीत. लेखाधिकारी साहेबांचं म्हणणं असं, की चौथीला लोकांचा प्रतिसादच नाही. लोकांचे पैसे परत करा आणि जागा विकून मोकळे व्हा. समिती अक्षय्य तृतीयेला पाहणी करून काय ते ठरवणार होती.

"परत मिळालेल्या पैशांत आज नाशकात काय येईल हो?" सुनीताने विचारलं.

मी कागद घेतला, गुणाकार केला. "बाथरूम येईल."

"बरं."

"दार सोडून."

सुनीताने तडक आईला फोन लावला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. (अक्षय्य तृतीयेला देवळ्याकडे आखाजी म्हणतात.) "जावईबापू, आखाजीचा मुहूर्त हाय. पंचांग बघायचं काम नाय. समिती यायच्या आत तिथं दूध उतू घाला. जिथं दूध उतू गेलं, तिथून माणसाला उठवायची कुणाची छाती व्हत नाय."

"अहो आई, पण ताबापत्र मिळालेलं नाही. विनापरवानगी प्रवेश म्हणजे दंड आहे."

"किती?"

"पाचशे रुपये."

"मग पाचशे सुट्टे घ्या बरोबर!"

तर अशा तऱ्हेने आम्ही निघालो. छोटा गॅस, नवं पातेलं, कलश, नारळ, दूध, मोजपट्टी आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेला इमारतीचा नकाशा. नकाशा मी आठ दिवस पाठ करत होतो. जिन्यातून वर आलं की डाव्या हाताचं तिसरं घर आमचं. आत शिरल्यावर डाव्या कोपऱ्यात स्वयंपाकघर. परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी!

फाटकावर वॉचमन पवारमामा होते. मी रीतसर परवानगी मागितली. त्यांनी पाटी वाचून दाखवली. "फोटो काढू नये, थुंकू नये. दुधाचं काही लिहिलेलं नाय साहेब. पण पुढच्या जिन्याच्या पायऱ्या व्हायच्यात, मागच्या जिन्यानं जा."

मागच्या जिन्यानं गेलो. वाचकांच्या लक्षात आलंच असेल की मागून गेल्यावर डावं ते उजवं होतं. माझ्या आलं नाही. मी खांब मोजत डाव्या हाताचं तिसरं घर गाठलं, डावा कोपरा मोजपट्टीने मोजला आणि जाहीर केलं, "हे आपलं स्वयंपाकघर!"

"आणि हे भोक कसलं?" सुनीता वाकून बघत म्हणाली. स्लॅबमध्ये चांगलं वीतभर रुंद भोक होतं.

"सिंकचं," मी म्हणालो. (आवाजात जी खात्री होती, ती आज आठवली की कानाच्या पाळ्या गरम होतात.)

सासूबाईंनी चार विटा ओळीत मांडून उंबरठा केला, त्यावर हळद-कुंकू वाहिलं, आम्हाला उजवा पाय पुढे टाकायला लावून आत घेतलं. गॅस पेटवला. वाऱ्याने विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. तेव्हा सासूबाईंनी माझ्या हातातला नकाशा काढून घेतला आणि गॅसला आडोसा म्हणून उभा केला. ज्योत स्थिरावली. मी मात्र त्या क्षणापासून नकाशाविना होतो.

इतक्यात मागून आवाज आला. "ओ भाऊ! आमच्या घरात काय चाललंय?"

वळून पाहिलं तर एक नवराबायको. त्यांच्या हातात कलश, पातेलं आणि दूध! आडनाव आहेर. आखाजीची युक्ती फक्त देवळ्यातच सुचते असं थोडंच आहे!

"तुमचं कसं? हे आमचं," मी म्हणालो.

"नकाशा दाखवा."

"दाखवता येणार नाही. तो गॅसला लावलाय."

"बघा, कागद दाखवत नाही म्हणजे पाणी मुरतंय!" आहेरबाई म्हणाल्या.

"पाणी मुरायला आधी नळ यावा लागतो, ताई," सुनीता म्हणाली. "आणि आमच्या स्वयंपाकघरातून चपला बाहेर काढा."

"स्वयंपाकघर? कुठंय स्वयंपाकघर?"

"हे काय! भोक दिसत नाही का सिंकचं?"

आहेरांनी आपली मोजपट्टी काढली. मी माझी काढली. दोघे दोन दिशांनी ओणवे होऊन मोजू लागलो आणि मध्यावर डोक्याला डोकं आपटलं! "आमच्या घरात आम्हालाच टक्कर देता?" आहेर ओरडले. "पाटल्या मोडल्यात या घरासाठी!" सुनीता ओरडली. "आम्ही ट्रॅक्टर विकलाय!" आहेरबाई ओरडल्या. सासूबाई विटांचा उंबरठा अडवून उभ्या राहिल्या. "दूध उतू गेल्याबिगर कुणी आत यायचं नाय आन् कुणी बाहेर जायचं नाय!"

या सगळ्यात दुधाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आणि दूध उतू जाण्यासाठी याहून चांगली परिस्थिती नाही, हे कोणतीही गृहिणी सांगेल.

ते गेलं. असं गेलं, की गॅस विझला, नकाशा भिजला आणि दुधाचा पाट वाहत थेट त्या भोकात शिरला. त्याच वेळी खालून, दुसऱ्या मजल्यावरून, एक भारदस्त आवाज वर येत होता. "तात्पर्य काय मॅडम, तर या इमारतीला नागरिकांचा प्रतिसाद शून्य आ— आई गं!"

मी भोकाला डोळा लावला. खाली लेखाधिकारी साहेब. पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर दूध, फायलीवर साय.

सासूबाईंनी मला बाजूला सारलं आणि भोकात तोंड घालून सांगितलं, "पुसू नका साहेब! शुभ असतं!"

दोन मिनिटांत अख्खी समिती वर. समितीच्या अध्यक्षाबाई पुढे, साहेब मागे, निथळत. बाईंनी विटांचा उंबरठा पाहिला, दोन कलश पाहिले, दोन पातेली पाहिली, आम्हा दोघांच्या कपाळांवरची टेंगळं पाहिली.

"काय प्रकार आहे हा?"

"मॅडम, हे आमच्या घरात घुसलेत!" मी.

"मॅडम, घर आमचं आहे!" आहेर.

अध्यक्षाबाई साहेबांकडे वळल्या. "प्रतिसाद शून्य म्हणालात ना? अहो, इथं भिंती नाहीत आणि माणसं एकमेकांची डोकी फोडतायत! भिंती बांधल्या तर काय होईल?"

"पण मॅडम, आर्थिक भार—"

"भार कमी करायचा तर लिफ्ट कापा, बाहेरची शोभेची कमान कापा. पण दूध उतू गेलेल्या घरावर मी फुली मारणार नाही. मलाही सासू आहे!"

आहेरांनी आणि मी एकमेकांना मिठी मारली. मोजपट्ट्या मध्ये टोचल्या, तरी सोडली नाही. सासूबाईंनी उरलेल्या दुधाचा प्रसाद समितीला वाटला. साहेबांनीही घेतला, म्हणाले, साखर कमी आहे.

इमारत झाली! लिफ्टशिवाय, कमानीशिवाय, पण झाली. ताबा मिळाला त्या दिवशी पुढच्या जिन्याने ताठ मानेने वर गेलो, कुलूप उघडलं. डाव्या कोपऱ्यात ओटा होता. भोक कुठेच नव्हतं. तेवढ्यात पलीकडच्या टोकाहून आहेरांची हाक आली. "भाऊ, या! तुमचं स्वयंपाकघर बघून जा!"

गेलो. त्यांच्या घरात, नेमक्या त्या जागी, पालिकेने पांढराशुभ्र कमोड बसवला होता.

अखेरचा हिशेब असा. विनापरवानगी प्रवेशाचा दंड, रुपये पाचशे, पालिकेला, पावती घेतली. शर्टाची धुलाई, रुपये एकशे ऐंशी, लेखाधिकारी साहेबांना. पावती त्यांनी मागूनही दिली नाही. गृहप्रवेशाचं दोन लिटर दूध, रुपये एकशे साठ, आहेरबाईंना. कारण या खेपेला दूध आणणं, जागा दाखवणं आणि गॅस पेटवणं ही तिन्ही कामं सासूबाईंनी त्यांच्याकडे सोपवली होती. माझ्याकडे फक्त हे लिहिण्याचं काम आलं.

ठिकाण : आमचं स्वयंपाकघर. (ही नोंद सासूबाईंनी स्वतः तपासली आहे.)