बर्फावरची मीठमोहरी

आमच्या अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या काकूंनी कुणाचं कौतुक कधी नीट पुरं केलं नाही. "गुणाची गं माझी बाय," म्हणायचं, कानशिलावर कडाकडा बोटं मोडायची आणि लगेच मोठ्यानं सांगायचं, "दिसायला मात्र बेताचीच हो!" नजर लागू नये म्हणून. काकूंनी नावं ठेवली नाहीत, तर पोरं काळजीत पडायची.

काकू नागपूरच्या, शेजारच्याच घरात मुलाकडे राहायच्या. मी ऑफिसात अडकले की माझ्या इराला स्केटिंगला त्याच न्यायच्या. थर्मासमधला चहा ओतत शेजारच्या गोऱ्या आयांना सांगायच्या, "पायाखाली सुऱ्या बांधायच्या, गरगर फिरायचं आणि वर हसायचं! माझा अख्खा संसार असाच झाला." सगळं मराठीत. तरी त्या आया हसायच्या.

इराची अमेरिकेच्या ज्युनियर संघात निवड झाली आणि हिवाळी खेळांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा नेमकी आमच्यापासून ड्राइव्ह करण्याइतक्या अंतरावर आली. गाडीत काकू सगळ्यांच्या आधी. पहिल्या दिवशी उडी मारताना इरा धाडकन आपटली. दुसऱ्या दिवशीही पडली असती, तर संघातली जागा गेलीच म्हणून समजा. सकाळपासून पोरीनं काही खाल्लं नव्हतं.

काकूंनी पर्समधून पुडी काढली. मीठ आणि मोहरी. बर्फाकडे निघालेल्या इराला त्यांनी कठड्यापाशी गाठलं आणि "आल्यागेल्याची, कोचची, जजांची..." असं पुटपुटत मूठ तिच्यावरून ओवाळली. आता दृष्ट टाकायची विस्तवात, पण तिथं विस्तव कुठला? काकूंनी क्षणभर विचार केला आणि मूठ सरळ कठड्यापलीकडे, बर्फावर मोकळी केली!

अहो, हिवाळाभर घरापुढच्या ड्राइव्हवेवर मीठ टाकून बर्फ वितळवणारी बाई ती! एकच धावपळ उडाली. कोचनं डोकं धरलं. एक माणूस बादली घेऊन धावत आला आणि गुडघे टेकून मोहरी वेचायला लागला. काकू त्यालाच समजावत होत्या, "विस्तव नसला तर पाण्यात सोडतात. बर्फ म्हणजे पाणीच की!" "ओ माय गॉड, काकू!" म्हणत इरा कठडा धरून हसत सुटली. तशीच हसत हसत ती बर्फावर उतरली.

आणि एकदाही पडली नाही. जागा राहिली! मी आनंदानं किंचाळत काकूंकडे वळले, तर त्यांचे डोळे गच्च मिटलेले.

"झालं का? पडली का?"

"नाही! काकू, तुम्ही बघितलंच नाही?"

"कधीच बघत नाही. ज्याचा जीव जास्त, त्याचीच नजर आधी लागते."

म्हणजे इतकी वर्षं ही बाई डोळे मिटून बसत होती! मला तिथंच रडू फुटलं.

गेल्या वर्षी मुलाची नोकरी बदलली आणि काकू त्याच्याबरोबर दूर चँडलरला राहायला निघाल्या. निघायच्या सकाळी इरानं फोनवर त्या दिवसाचा स्केटिंगचा व्हिडिओ लावून त्यांच्यापुढे धरला. "काकू, नाऊ यू कॅन लुक. इट्स ओव्हर. आता काही होत नाही."

काकूंनी चष्मा पुसला आणि बघायला लागल्या. व्हिडिओतली इरा हवेत उडाली, तसा त्यांनी शेजारच्या इराचा दंड घट्ट पकडला.

"अगं बाई, एवढ्या उंच? आधी कळलं असतं, तर पाऊल ठेवू दिलं नसतं तुला तिथं!"

बाहेर मुलगा हॉर्न वाजवत होता.

"वाजवू दे त्याला," काकू म्हणाल्या. "पुन्हा लाव."